मिळालेली भूमिका आणि उभं केलेलं काम



ज्यांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेलं आहे, त्यांनी या गावाला वाचायची आणि ऐकायची सवय लावली. शास्त्री आणि सोनवीच्या संगमावरच्या या गावात आज मला बोलायला उभं केलंत, हा माझा मान समजते. मी हौशी रंगभूमीवरची नटी. नोकरी, संसार सांभाळून राज्य नाट्य स्पर्धेत उभी राहिले, गावोगावच्या मंडळांत कामं केली. या प्रवासात एक प्रश्न सतत माझ्या सोबत राहिला आणि तोच आज तुमच्यापुढे मांडणार आहे. नटीचं आयुष्य कशावर तोलायचं? तिला मिळालेल्या भूमिकांवर, की तिने स्वतः उभ्या केलेल्या कामावर?

प्रश्न साधा वाटतो. पण आपण नटीविषयी बोलतो तेव्हा काय बोलतो, ते आठवा. अमुक नाटकात ती होती. तमुक सिनेमात तिने आईचं काम केलं. म्हणजे कोणी तरी लिहिलं, कोणी तरी बसवलं, कोणी तरी बोलावलं आणि ती आली. तिच्या बाजूने फक्त येणं. मला हे अपुरं वाटतं. म्हणून आज तीन मुद्दे घेते: नटीचा व्यवसाय, नटीची मैत्री आणि नटीची जोडकामं. त्यासाठी तीन स्त्रियांची सोबत घेते. दुर्गा खोटे, विजया मेहता आणि सुलभा देशपांडे. तिघी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. विजयाबाई या दुर्गाबाईंच्या सून, त्यांचा मुलगा हरीन याच्या पत्नी. आणि सुलभाताई विजयाबाईंच्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेतल्या सहकारी. म्हणजे बोलपटाच्या जन्मापासून प्रायोगिक रंगभूमीपर्यंतचा मराठी नटीचा इतिहास हा एका घराचा आणि एका तालमीच्या खोलीचाही इतिहास आहे.

पण त्यांच्याकडे जाण्याआधी आपल्याच अंगणातली एक नटी आठवूया, कारण तिच्यासाठीच मी हे सगळं बोलते आहे.

आपल्याकडे नाटक कधी होतं? गणपतीत होतं, शिमग्याला होतं, सत्यनारायणाच्या पूजेला होतं. चाकरमानी येतात, गाव मंडळ आणि मुंबई मंडळ मिळून नाटक बसवतं. नमनात गौळणी पुरुषांनीच नटवायच्या, ही जुनी रीत. गावच्या तीन अंकी नाटकात मात्र बाईच्या कामाला बाई हवी, आणि गावातली मुलगी उभी करायला घरचे तयार नसत. मग स्त्रीपात्र बाहेरून आणायचं. ती एसटीने दुपारी उतरायची. हातात एक बॅग. बॅगेत गंगावन, नऊवारी, दोन पाचवारी, खोटे दागिने आणि स्वतःची रंगपेटी. चहा घेता घेता ती विचारायची, "सीन किती? रडायचं कुठे? प्रॉम्प्टर कुठल्या विंगेत?" संध्याकाळी एक धावती तालीम. रात्री प्रयोग. नाईटचे पैसे हातात पडले, की पहाटेच्या गाडीने परत. अशा काही जणींशी मी बोलले आहे आणि त्या जे सांगतात ते वहीत लिहून ठेवते. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "मी खूप नाटकांत मेले गं, पण मला कशाने मारलं ते प्रत्येक वेळी कळलंच असं नाही." संपूर्ण नाटक तिने कधी वाचलेलंच नव्हतं. तिला फक्त तिची पानं मिळायची.

हे वाक्य ध्यानात ठेवा. तिला फक्त तिची पानं मिळायची. आता पहिल्या मुद्द्याकडे वळते.

पहिला मुद्दा व्यवसायाचा. दुर्गा खोटे 1905 साली मुंबईत लाड यांच्या सुखवस्तू घरात जन्मल्या. वडील सॉलिसिटर. शिक्षण कॅथीड्रल शाळेत, मग सेंट झेविअर्स कॉलेजात. लग्न होऊन खोट्यांच्या घरी गेल्या आणि काही वर्षांत त्या घराची आर्थिक घडी विसकटली. पतीचं छत्रही अकाली हरपलं. पदरात दोन लहान मुलगे. घर चालवायला त्यांनी शिकवण्या घेतल्या आणि त्याच गरजेतून त्या सिनेमाकडे वळल्या. 1931 सालच्या 'फरेबी जाल' मध्ये छोटं काम केलं, तर लोकांनी नावं ठेवली. कुलीन घरातली, इंग्रजी शिकलेली बाई सिनेमात? त्या काळी हा प्रश्न नव्हता, आरोप होता.

मग कोल्हापूरहून 'प्रभात' फिल्म कंपनीचं बोलावणं आलं. व्ही. शांतारामांच्या 'अयोध्येचा राजा'त तारामती. साल 1932. समोर हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे. पार्श्वगायन अजून यायचं होतं, तेव्हा जिने अभिनय करायचा तिनेच गायचं. मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या, म्हणजे तेच दुःख दोन भाषांत उभं करायचं. ज्या समाजाने कालपर्यंत नावं ठेवली होती, तोच समाज तारामतीसाठी रडला. सुशिक्षित घरातल्या मुलींसाठी सिनेमाचं दार खऱ्या अर्थाने किलकिलं झालं ते तेव्हा.

पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते पुढच्या पावलात. त्या काळी नट-नटी कंपनीच्या पगारावर असत. महिन्याचा पगार घ्यायचा आणि कंपनी म्हणेल ते करायचं. सुरक्षित व्यवस्था होती ती. दोन मुलांच्या आईने ती घट्ट धरून ठेवली असती, तर कोणी दोष दिला नसता. दुर्गाबाईंनी एका कंपनीत स्वतःला बांधून घेतलं नाही. कलकत्त्याला जाऊन देवकी बोस यांच्याकडे 'राजरानी मीरा' आणि 'सीता' केले. 'प्रभात'मध्ये परतून 1936 साली 'अमर ज्योती'त समुद्रावर राज्य करणारी बंडखोर सौदामिनी उभी केली. पुढे अत्र्यांची 'पायाची दासी', विजय भट्टांच्या 'भरत मिलाप'मधली कैकेयी. आणि 1960 साली 'मुगल-ए-आझम'मधली जोधाबाई, एका बाजूला बादशहा आणि दुसऱ्या बाजूला पोटचा मुलगा अशी कोंडी झालेली आई. तारामती ते जोधा हे अंतर अठ्ठावीस वर्षांचं आहे. त्यानंतरही त्या थांबल्या नाहीत. 'अभिमान', 'बॉबी', 'बिदाई' या 1973 आणि 74 सालच्या सिनेमांतही त्या आहेत. पडद्यावर नायिकेचं आयुष्य किती असतं? पाच वर्षं? दहा वर्षं? ही बाई पन्नास वर्षं उभी राहिली. 1983 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, तो या उभं राहण्याचाही सन्मान होता.

त्या का टिकल्या? माझं उत्तर असं, की कुठे काम करायचं आणि कुठे नाही, याचा निर्णय त्यांनी स्वतःच्या हातात ठेवला. पूर्ण नाटक वाचल्याशिवाय त्या आयुष्यात उभ्या राहिल्या नाहीत.

इथे हंसा वाडकरांचं स्मरण करायलाच हवं. त्यांचं मूळ नाव रतन साळगावकर. 1959 च्या 'सांगत्ये ऐका'ने त्यांना अफाट लोकप्रियता दिली आणि तेच नाव त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनाला दिलं. ते पुस्तक ज्यांनी वाचलं आहे, त्यांना ठाऊक आहे की अभिनयात ती बाई कुठेच कमी नव्हती. पण तिच्या आयुष्याचे निर्णय फार लहानपणापासून इतरांनी घेतले. पुढे श्याम बेनेगलांनी त्या पुस्तकावरून 1977 साली 'भूमिका' केला. स्मिता पाटील नायिका होती आणि तिच्या आईच्या भूमिकेत होत्या सुलभा देशपांडे. एका नटीने आयुष्य सांगितलं, दुसरी ते जगली, तिसरीने त्याला आधार दिला. नटीने स्वतःविषयी लिहिलं पाहिजे असं मी कायम म्हणते ते यासाठी. दुर्गाबाईंचं 'मी, दुर्गा खोटे', विजयाबाईंचं 'झिम्मा', हंसाबाईंचं 'सांगत्ये ऐका' ही पुस्तकं नसती, तर आपल्याला त्यांच्या भूमिकाच दिसल्या असत्या. त्या स्वतः दिसल्या नसत्या.

आता दुसरा मुद्दा, मैत्रीचा. नटीच्या मैत्रीवर आपण फारसं बोलत नाही. तिच्या हेव्यादाव्यांवर मात्र चवीने बोलतो. खरं सांगू? मैत्रीशिवाय नाटक होतच नाही. समोरच्याने वाक्य वेळेवर टाकलं नाही, तर तुमचं उत्तम वाक्यही मातीमोल. रंगमंचावर दुसऱ्यावर भार टाकल्याशिवाय एक पाऊल पुढे जाता येत नाही.

1960 साल. विजया मेहता, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू, विजय तेंडुलकर अशी माणसं एकत्र आली आणि 'रंगायन' उभं राहिलं. विजयाबाई दिग्दर्शक अल्काझी आणि आदी मर्झबान यांच्या तालमीत तयार झालेल्या. सुलभाताई, माहेरच्या कामेरकर, दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका. दिवसभर वर्ग आणि संध्याकाळी तालीम. पैसा नाही, पडदा नीट नाही, प्रेक्षक मोजके. मग होतं काय? एकमेकांचं काम बघून खरं बोलण्याची मुभा होती. माझ्या मते मैत्रीची हीच कसोटी आहे. बरं वाटावं म्हणून बोलणारे पुष्कळ भेटतात. तालमीत "हे खोटं वाटतंय, पुन्हा कर" म्हणणारा भेटायला भाग्य लागतं.

या मैत्रीतून काय जन्मलं? 1967 साली 'शांतता! कोर्ट चालू आहे' जन्मलं. लेखक तेंडुलकर, दिग्दर्शक अरविंद देशपांडे, नायिका लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. आपल्या गावांत ही गोष्ट नीट समजेल, कारण त्या नाटकात मुंबईची एक हौशी मंडळी एका गावातल्या हॉलमध्ये प्रयोगासाठी येते आणि वेळ घालवायला खोटा खटला खेळते. खेळ म्हणता म्हणता त्या खटल्यात खरी बाई सापडते. बेणारे ही शाळेत शिकवणारी, हसरी, स्वतंत्र, वर्गाची घंटा कधी न चुकवणारी. आणि ती साकारणारी सुलभाताईही शाळेत शिकवणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गावर जाणाऱ्या बाईने आदल्या रात्री तो आरोपीचा पिंजरा सहन करायचा. हे सोपं होतं?

बेणारेचं शेवटचं लांबलचक स्वगत द्यावं अशी तेंडुलकरांची मुळात इच्छा नव्हती. अरविंदरावांनी आग्रह धरला आणि ते लिहून घेतलं. विचार करा, दिग्दर्शक लेखकाकडे हट्ट धरतो की या बाईला बोलू द्या. आज ते स्वगत बाजूला काढून नाटकाची कल्पना करता येत नाही. कोर्ट ते ऐकत नाही, प्रेक्षक मात्र ऐकतो, सगळा खेळ तिथे आहे. पन्नास वर्षं मुली निवड चाचणीला तेच स्वगत घेऊन उभ्या राहतात. मित्रांच्या भांडणातून मराठी नटीला मिळालेला हा सर्वांत मोठा ठेवा आहे.

मी स्वतः स्पर्धेसाठी बेणारे केली आहे, त्या आधाराने एक बारीक गोष्ट सांगते. नाटकाच्या सुरुवातीलाच दाराच्या कडीत बेणारेचं बोट चेमटतं. ती हसते, बोट तोंडात घालते, गावातल्या सामंतांशी गप्पा मारत राहते. तालमीत मला वाटायचं, ही केवळ प्रवेशाची गंमत आहे. प्रयोग जसजसे होत गेले तसं जाणवलं, की या बाईला दुखलं तरी हसत बोलत राहायची सवय आहे, हे लेखकाने पहिल्याच दोन मिनिटांत सांगून टाकलं आहे. पुढचं सगळं नाटक त्या बोटात आहे. मग मी ते बोट शेवटपर्यंत विसरले नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असतानाही माझा तो हात मिटलेलाच असे. माझ्या सहकलाकार मैत्रिणीने ते विंगेतून पाहिलं आणि मध्यंतरात काही न बोलता माझा तोच हात हातात घेतला. भूमिकेतलं सर्वांत बारीक काम सर्वांत आधी दिसतं ते मैत्रिणीला. परीक्षकांना नंतर दिसतं.

आता या मैत्रीची दुसरी बाजू. मैत्री कायम एकत्र राहतेच असं नाही. 1971 साली अरविंद देशपांडे, सुलभाताई, अरुण काकडे यांनी 'रंगायन'मधून बाहेर पडून 'आविष्कार' ही संस्था सुरू केली. वाटा वेगळ्या झाल्या. पण काय झालं पुढे? विजयाबाईंनी 'बॅरिस्टर', 'हमीदाबाईची कोठी', 'पुरुष', 'वाडा चिरेबंदी' अशी एकाहून एक नाटकं दिली आणि नटांच्या पिढ्या घडवल्या. 'आविष्कार'ने छबिलदासची चळवळ दिली. एका संस्थेच्या दोन झाल्या आणि मराठी रंगभूमी दुप्पट श्रीमंत झाली. आपल्या गावांत मंडळ फुटलं की नाटकच बंद पडतं. फुटा हवं तर, पण दोन्हीकडे नाटक चालू ठेवा!

तिसरा मुद्दा जोडकामांचा. मुख्य काम अभिनय आणि फावल्या वेळात केलेलं ते जोडकाम, अशी आपली समजूत असते. या तिघींकडे पाहिलं की ती समजूत टिकत नाही.

दुर्गाबाईंचंच घ्या. 1930 च्या दशकातच त्या निर्मातीच्या खुर्चीत बसल्या. पुढे लघुपट, माहितीपट, जाहिरातपट बनवणारी स्वतःची संस्था उभी केली. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्या उभ्या राहिल्या, शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मध्ये नानासाहेब फाटकांबरोबर काम केलं. सिनेमात नाव झालेल्या बाईला नाटकाच्या तालमींची काय गरज होती? गरज पैशाची नव्हती, कसाची होती. आणि 1988 साली दूरदर्शनवर आलेली 'वागळे की दुनिया' आठवते ना? आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला तो साधा कारकून, त्याची बायको, त्यांचं छोटं घर. ती मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. ज्या बाईने मराठी बोलपटाच्या पहिल्या वर्षात तारामती केली, तिच्याच संस्थेने टीव्हीच्या पहिल्या बहरात मध्यमवर्गाला त्याचं स्वतःचं घर दाखवलं. त्या मालिकेत दुर्गाबाईंची भूमिका शोधू नका. त्यांचं काम पाहा.

विजयाबाईंनी दिग्दर्शन केलं, कार्यशाळा घेतल्या, जर्मन नटांना घेऊन शाकुंतल उभं केलं, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चं छोट्या पडद्यासाठी रूपांतर केलं. त्यातही पुन्हा एका बाईने सांगितलेलं आयुष्य आहेच.

आणि सुलभाताई! मला सर्वांत जवळचं वाटतं ते त्यांचं काम. त्या शाळेत शिकवत होत्या, म्हणून मुलांसाठी नाटुकली लिहू लागल्या, बसवू लागल्या. पुढे 'शांतता'ने त्यांना सगळ्या देशात ओळख दिली, सत्यदेव दुबे यांनी 1971 साली त्यावर सिनेमा केला, त्यातही त्याच बेणारे. 'जैत रे जैत'पासून 'विहीर', 'इंग्लिश विंग्लिश'पर्यंत त्या दिसत राहिल्या. पण मुलांचं नाटक त्यांनी सोडलं नाही. 'आविष्कार'ची 'चंद्रशाला' ही मुलांची शाखा त्यांनी उभी केली. 'दुर्गा झाली गौरी' या नाटकात रंगमंचभर मुलं नाचत-गात गेली आणि वर्षानुवर्षं नव्या मुलांचे संच त्यात तयार होत राहिले. एक मूल मोठं होऊन बाहेर पडायचं, दुसरं त्याच्या जागी यायचं.

आणि छबिलदास? 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ने प्रयोग सुरू केले. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. नीट रंगमंच नाही, झुलता पडदा नाही, खालून बाजाराचा गलका. त्या खोलीत मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी नाटकं झाली. उद्याचे मोठे नट तिथे सतरंज्या अंथरत होते. त्या सभागृहाचं दार उघडायला शाळेतली एक शिक्षिका कामी आली, हे विसरू नका. अरविंदराव 1987 साली गेले. सुलभाताई 2016 साली गेल्या. अरुण काकडे अगदी उतारवयापर्यंत 'आविष्कार'चा गाडा ओढत राहिले. भूमिका संपल्या, माणसं गेली, काम राहिलं.

मग सांगा, यात जोडकाम कुठलं आणि मुख्य काम कुठलं? शाळेतलं नाटुकलं आधी आलं, बेणारे नंतर आली. ज्याला आपण फावल्या वेळचा उद्योग म्हणतो, त्यातूनच नटीला तिची भाषा, तिची माणसं आणि तिची जागा मिळाली.

आता शेवटाकडे येते. जे बोलले ते थोडक्यात सांगते. व्यवसायात निर्णय आपल्या हातात ठेवावा, हे दुर्गाबाईंनी दाखवलं. मैत्री खरं बोलणारी असावी आणि तुटली तरी कामाला मारू नये, हे 'रंगायन' आणि 'आविष्कार'ने दाखवलं. भूमिकेच्या बाहेर आपलं काही उभं करावं, हे सुलभाताईंनी दाखवलं.

आणि संगमेश्वराने काय करावं? तिघी मुंबईच्या, साधनसंपन्न, असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. छबिलदास म्हणजे काय होतं? एक शाळा आणि तिचं सभागृह. शाळा आपल्याकडे नाहीत? सभागृहं नाहीत? संध्याकाळी ती कुलूपबंद असतात. माझ्या तीन मागण्या आहेत, हात जोडून करते. शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी आठवड्यातून एक संध्याकाळ सभागृह मुलांच्या नाटकासाठी मोकळं करावं. जी शिक्षिका ते चालवायला तयार होईल, तिच्याकडे हे जास्तीचं काम म्हणून पाहू नये, तिला बळ द्यावं. दुसरी मागणी मंडळांकडे. यापुढे बाहेरून नटी बोलवाल तेव्हा पूर्ण संहिता तिच्या हाती आठ दिवस आधी द्या, दोन तालमींना बोलवा, त्या तालमींचेही पैसे द्या आणि फलकावर तिचं नाव इतरांच्या बरोबरीने लिहा. तिसरी मागणी इथल्या वाचनालयांकडे. ज्या बायकांनी आयुष्यभर या जिल्ह्यातल्या गावोगावच्या मांडवांत कामं केली, त्यातल्या बऱ्याच जणी आता थकल्या आहेत. त्यांच्याकडे बसा, त्यांचं बोलणं लिहून घ्या, त्यांच्याच नावाने छापा. माझी वही मी या कामाला द्यायला तयार आहे.

अर्धी पानं घेऊन रात्रभर उभ्या राहणाऱ्या नटीनेही आपलं नाटक जिवंत ठेवलं आहे. तिच्या हातात संपूर्ण नाटक देणं आपल्याला जमण्यासारखं आहे, आणि ते याच गणपतीपासून सुरू करता येईल.